खास दिवसाचे फ्रेंच जेवण : सीमाभागातून निघणाऱ्या कुटुंबासाठी

लग्नाचा पन्नासावा वाढदिवस, षष्ट्यब्दीपूर्ती, निवृत्ती किंवा मुलीची पहिली नोकरी अशा निमित्तांना मंगल कार्यालय ठरवून दोनशे पाने उठवण्याची आपली रीत आहे. अलीकडे मात्र बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातली काही कुटुंबे घरच्या चार-सहा माणसांनीच एखाद्या उत्तम ठिकाणी निवांत जेवावे असा बेत करतात, आणि त्यात उंची फ्रेंच रेस्टॉरंटचे नावही निघते. हे तसे योग्यच आहे, कारण जन्म, विवाह, वाढदिवस, पुनर्भेट असे प्रसंग साजरे करण्यासाठी एकत्र बसून सावकाश जेवण्याची फ्रेंच लोकांची जी परंपरा आहे, तिलाच युनेस्कोने २०१० साली अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. अडचण एवढीच की आपल्यापैकी अनेक जण तिथे पाहुणा म्हणून न बसता परीक्षेला बसल्यासारखे बसतात. कोणता काटा उचलावा या चिंतेत जेवण निघून जाते आणि ताटात नेमके काय आहे हा खरा महत्त्वाचा प्रश्न विचारायचा राहून जातो. माझ्या मते या जेवणाचा निम्म्याहून अधिक आनंद टेबलावर बसण्यापूर्वीच ठरतो. आपल्याला काय चालते, काय चालत नाही आणि निमित्त कोणते आहे, हे आधी स्पष्ट सांगितले की पुढचे अडीच-तीन तास काळजी वाहायला स्वयंपाकघर समर्थ असते.

गाव, दिवस आणि वेळ

आपल्या भागातून अशा जेवणासाठी गोवा, पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठावे लागते. त्यांत गोवा सर्वांत जवळ आहे. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाटाने पणजी सुमारे एकशेदहा किलोमीटर भरते. पण वळणे आणि रस्त्याची अवस्था लक्षात घेता तीन तास हाताशी ठेवावेत आणि पावसाळ्यात त्याहूनही अधिक. किनाऱ्यालगतची बरीच रेस्टॉरंटे पावसाळ्यात बंद असतात, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात फोन करून खात्री केल्याशिवाय निघू नये. बेंगळुरूचा बेत असेल तर रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने सकाळी उतरावे, अंघोळ आणि थोडी विश्रांती घ्यावी आणि मगच जेवायला जावे. रात्रभराच्या प्रवासानंतर थेट टेबलावर बसलेल्या माणसाला तिसऱ्या पदार्थापाशी डुलकी लागते.

रात्रीपेक्षा दुपार निवडावी, असा माझा आग्रह आहे. अनेक फ्रेंच रेस्टॉरंटांत दुपारसाठी तीन-चार पदार्थांचा ठरावीक मेन्यू असतो आणि त्याच स्वयंपाकघरातले, त्याच हातचे अन्न रात्रीपेक्षा बऱ्याच कमी दरात मिळते. पॅरिसमधल्या नामांकित ठिकाणीही कामाच्या दिवशी दुपारचा वेगळा मेन्यू ठेवण्याची पद्धत आहे. मुलगा किंवा मुलगी तिकडे असेल आणि भेटीला जाणार असाल तर हे विशेष ध्यानात ठेवावे, आणि दुपारची पंगत तिथे साधारण बारा ते दोन एवढीच चालते हेही लक्षात असू द्यावे. दुसरे कारण आपल्या भागाचे आहे. निपाणी, बोरगाव, अथणी, चिकोडीकडच्या जैन कुटुंबांत ज्येष्ठ मंडळी सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि फ्रेंच रात्रीचे जेवण सुरूच मुळी अंधार पडल्यावर होते. दुपारी बसले की हा प्रश्न उद्भवत नाही. तिसरे कारण घाटाचे, त्याबद्दल शेवटी लिहितो.

तारीख ठरवताना रेस्टॉरंटची सुट्टी पाहावी, पण त्याआधी घरातली दिनदर्शिका पाहावी. संकष्टी, एकादशी, श्रावण, कुणाचा गुरुवार, कुणाचा सोमवार हे सगळे सांभाळून तारीख काढणे हे घरातल्या बाईचे काम मानले जाते, आणि तिच्याच एकसष्टीला तिलाच उपास निघाला असे होऊ नये.

आधीचा निरोप

बुकिंग किमान आठ-दहा दिवस आधी करावे. नुसते नाव आणि माणसांची संख्या देऊन थांबू नये, तर फोननंतर एक लेखी निरोपही पाठवावा, म्हणजे तो शेफपर्यंत जसाच्या तसा पोचतो. त्याचा आशय साधारण असा असावा: ‘आम्ही सहा जण शनिवारी दुपारी एक वाजता येत आहोत. आई-वडिलांच्या लग्नाला पन्नास वर्षे झाली, हे निमित्त आहे. दोघे जण मासे आणि कोंबडी खातात, पण गाय-बैलाचे मांस आणि डुकराचे मांस खात नाहीत. दोघे शाकाहारी आहेत, त्यांना अंडे चालते. एक ज्येष्ठ व्यक्ती जैन आहे. कांदा, लसूण, बटाटा, गाजर यांसह जमिनीखालचे काहीही आणि अंडे चालत नाही. एकाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. सहापैकी तिघे मद्य घेत नाहीत आणि पदार्थात घातलेलेही त्यांना चालत नाही. वडिलांना जिना चढवत नाही.’ एवढे लिहायला लाजण्याचे कारण नाही. चांगल्या रेस्टॉरंटला असा निरोप आगाऊ मिळाला तर आनंदच होतो. टेबलावर बसल्यावर हे सांगितले तर मात्र बिचाऱ्या शेफच्या हातात उकडलेल्या भाज्यांपलीकडे फारसे काही उरत नाही.

त्याच निरोपात तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. आगाऊ रक्कम किती आणि बेत रद्द झाल्यास ती परत मिळते का. अनेक पदार्थांचा ‘टेस्टिंग मेन्यू’ असेल तर तो सगळ्या टेबलाने घ्यावा लागतो का, कारण बहुतेक ठिकाणी तसाच नियम असतो. आणि पुरुषांना चप्पल चालते का. पांढऱ्या सदऱ्याखाली कोल्हापुरी घालून गेलेल्या आजोबांना दारात अडवले जाणे हा त्या दिवशीचा सर्वांत वाईट क्षण ठरू शकतो.

शाकाहार म्हणजे नक्की काय, हे सोडवून सांगणे

या विषयावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण फ्रेंच स्वयंपाकात मांस दिसते त्याहून न दिसणारे अधिक असते. या पाककलेचा पाया म्हणजे हाडे, भाज्या आणि सुगंधी पाला तासन्‌तास मंद आचेवर उकळून काढलेला स्टॉक. तो सुपात असतो, सॉसमध्ये असतो आणि कधी कधी साध्या भाजीला चकाकी आणण्यासाठीही वापरलेला असतो. जगप्रसिद्ध फ्रेंच कांद्याचे सूप वर्णनावरून शुद्ध शाकाहारी वाटते, परंतु ते परंपरेने गोमांसाच्या स्टॉकमध्ये शिजते. दक्षिण फ्रान्सची काळ्या ऑलिव्हची चटणी, ‘तापनाद’, हिच्यात खारवलेले अँचोव्ही मासे वाटलेले असतात. थंडगार थरथरणाऱ्या गोड पदार्थांत जिलेटिन असते, आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून बनते. रॉकफोर, काँते, ब्री द मो ही नामांकित चीजे वासराच्या पोटातल्या रेनेटने दूध फाडून करतात. म्हणून ‘आम्ही व्हेज आहोत’ या तीन शब्दांवर विसंबू नये. स्टॉक, जिलेटिन, रेनेट, अँचोव्ही आणि अंडे या पाच नावांनिशी विचारावे.

जैन पाहुण्यांची गोष्ट आणखी नाजूक आहे. दोन भाग कांदा, एक भाग गाजर आणि एक भाग सेलरी बारीक चिरून लोण्यात परतणे, ज्याला ‘मिरपुआ’ म्हणतात, तिथून फ्रेंच स्वयंपाकातल्या असंख्य पदार्थांची सुरुवात होते. यातले निम्म्याहून अधिक जैन आहारात बसत नाही. म्हणजे तयार सॉसमधून काही वगळून चालत नाही, वेगळे पातेले चढवावे लागते. आगाऊ कळवले असेल तर टोमॅटो, शतावरीचे कोवळे कोंब (ॲस्परॅगस), कोवळे वाटाणे, भोपळा, क्रीम आणि लोणी यांच्या जोरावर कुशल शेफ सुंदर पान उभे करतो.

अंडे न खाणाऱ्यांनी गोड पदार्थांची चौकशी आधीच करून ठेवावी. सूफ्ले, क्रेम ब्रुले, मूस, मेरँग, कस्टर्ड भरलेले टार्ट, या सगळ्यांचा कणा अंडे हाच आहे. त्यांच्यासाठी फळांचे सॉर्बे, म्हणजे दुधाशिवाय गोठवलेला फळांचा गोड रस, किंवा साखरेच्या पाकात शिजवलेले नासपती हे पर्याय असतात. मात्र नासपती वाईनमध्ये शिजवण्याची रीतही तितकीच रूढ आहे, तेव्हा मद्य वर्ज्य असेल तर तेही विचारावे. सॉसमध्ये घातलेली वाईन उकळली की मद्यार्क पूर्ण उडून जातो असे अनेकदा सांगितले जाते, ते खरे नाही. शिजवण्याच्या पद्धतीनुसार थोडाफार अंश उरतोच.

एवढे वाचून शाकाहाऱ्यांनी बेतच रद्द करू नये. रातातुई म्हणजे वांगी, झुकिनी, टोमॅटो आणि सिमला मिरची ऑलिव्ह तेलात मंद शिजवून केलेला प्रोव्हाँसचा पदार्थ आपल्या जिभेला लगेच ओळखीचा वाटतो. ‘ग्राताँ दोफिन्वा’ म्हणजे बटाट्याचे पातळ काप क्रीममध्ये भाजून केलेला थरांचा पदार्थ. तांबड्या मातीतला बटाटा खाऊन वाढलेल्या बेळगावकराने तो जरूर मागवावा. पॅरिसमध्ये ‘आर्पेज’ हे मिशेलिन या फ्रेंच मार्गदर्शिकेचे तीन तारे, म्हणजे तिचा सर्वोच्च मान, मिळवलेले रेस्टॉरंट चालवणाऱ्या आलँ पासार यांनी तर २००१ साली लाल मांस मेन्यूवरून काढून भाज्यांना मुख्य पानाचा मान दिला. गोव्यात जेवत असाल तर एक गोष्ट मनात गुदगुल्या करून जाते: गोव्याच्या बाजारातली बरीचशी भाजी रोज आपल्याच बेळगावहून घाट उतरते, तेव्हा चांदीच्या झाकणाखालून आलेली ती नाजूक फरसबी कदाचित आपल्याच तालुक्यातली असेल.

प्रवास, कपडे, सुगंध

एकच्या टेबलासाठी सकाळी आठाच्या आत बेळगाव सोडावे. घाटात पोट ढवळणाऱ्यांनी सकाळी हलका नाश्ता करावा, परंतु अगदी उपाशीही राहू नये. साडी इरकल असो, शहापुरी असो की पैठणी, ती अशा ठिकाणी अत्यंत शोभते; फक्त प्रवास साध्या कपड्यांत करून गोव्यात पोचल्यावर बदलावी. अत्तर आणि सेंट मात्र बेताने. या जेवणाचा मोठा भाग नाकाने घ्यायचा असतो आणि बंद खोलीतला उग्र सुगंध शेजारच्या टेबलाच्याही आड येतो. मोगऱ्याच्या गजऱ्याबद्दल काटेकोर मंडळी हीच तक्रार करतील. मी त्यांचे ऐकणार नाही.

टेबलावर

पूर्वी फ्रान्समध्येही सगळे पदार्थ एकदम टेबलावर मांडत असत. एकामागून एक ताटली आणण्याची पद्धत एकोणिसाव्या शतकात रशियाकडून आली आणि तिलाच आज आपण फ्रेंच थाट समजतो. या पद्धतीमुळेच काट्या-सुऱ्यांची रांग लागते, आणि तिचा नियम सोपा आहे: बाहेरून आत यावे. पहिल्या पदार्थाला सर्वांत बाहेरची जोडी घ्यावी, पुढच्याला त्याच्या आतली. डाव्या हाताची लहान बशी पावाची, उजव्या हाताचे पेले आपले. चूक झालीच तर वेटर न बोलता नवा काटा आणून ठेवतो आणि कुणाचे काही बिघडत नाही. डाव्या हाताने खाणे अनेकांच्या मनाला पटत नाही. त्यांनी सुरीने कापून घ्यावे, सुरी बशीच्या कडेला ठेवावी आणि काटा उजव्या हातात घेऊन खावे. पाव सुरीने न कापता हाताने तोडायचा असतो, म्हणजे हाताने खाण्याची आपली हौस तिथे रीतीनेच भागते.

हात टेबलावर धुण्याची सोय नसते, म्हणून बसण्यापूर्वीच धुऊन यावेत. नॅपकिन मांडीवर, मध्येच उठावे लागले तर खुर्चीवर. थोडे थांबायचे असेल तर काटा-सुरी बशीत एकमेकांपासून दूर टेकवून ठेवावी, जेवून झाले की दोन्ही शेजारी समांतर ठेवावी. वेटर ही खूण पाहूनच बशी उचलतो. एकमेकांच्या बशीतले चाखून पाहायचे असेल तर खायला सुरुवात करण्यापूर्वीच जास्तीची रिकामी बशी मागून वाटून घ्यावे, म्हणजे उष्ट्याचा प्रश्न येत नाही.

पाणी कोणते हवे, हा पहिला प्रश्न विचारला जाईल. बाटलीचे पाणी, विशेषतः बुडबुड्यांचे, बिलात लागते. साधे गाळलेले पाणी मागण्यात कमीपणा नाही. फ्रान्समध्येही नळाच्या पाण्याची सुरई विनामूल्य मागता येते आणि तिथले लोक ती सर्रास मागतात.

मेन्यू कळला नाही तर वेटरला सांगू द्यावे. तो इंग्रजीत घाईने सांगत असेल तर हिंदीत, गोव्यात कोकणीत आणि बेंगळुरूत कन्नडमध्ये पुन्हा विचारावे. आपल्या भागातल्या माणसाला या सगळ्या भाषा थोड्याफार येतातच, त्यांचा उपयोग इथे न करणे हा करंटेपणा होईल. यात कोणता स्टॉक आहे, सॉस कशाचा आहे, आज शेफला स्वतःला कोणता पदार्थ आवडला आहे, हे प्रश्न जाणकारच विचारतात.

एकेक पदार्थ

सुरुवातीला न मागवलेला एक घासाचा पदार्थ येतो, त्याला ‘अम्यूज बूश’ म्हणतात. तो शेफकडून असतो आणि त्याचे पैसे वेगळे लागत नाहीत. त्याच्या मागोमाग गरम पाव आणि लोणी येते आणि इथेच आपली माणसे फसतात. बशीतले अन्न चिमूटभर दिसते, पोट भरेल का अशी शंका येते आणि मंडळी पावावर तुटून पडतात. पण पाच-सहा टप्प्यांचे जेवण लोणी आणि क्रीम यांमुळे चांगलेच जड असते. इथे आग्रह करून कोणी वाढत नाही, दुसऱ्यांदा वाढपही नसते, तरीही शेवटी उठताना पोट भरलेलेच असते. पाव दोन तुकडे खावा, आणि नंतर सॉस पुसून घेण्यासाठी एक राखून ठेवावा.

माशाच्या पानात ‘सोल म्युनियेर’ मिळाला तर तो निवडावा, कारण कारवारी-गोवेकरी माशावर वाढलेल्या जिभेला फ्रेंच स्वयंपाकाची ओळख करून देणारा याच्याइतका सरळ पदार्थ नाही. पिठात घोळवलेला मासा लोण्यात परततात. मग लोणी पुन्हा तापवतात. ते आधी फेसाळते, फेस बसतो, तळाशी दुधाचे कण सोनेरी होऊ लागतात आणि लोणी कढवताना बेरी जमायला लागली की जो खरपूस वास घरभर सुटतो तोच वास पातेल्यातून येतो. त्याच क्षणी लिंबाचा रस आणि पार्सली घालून ते चरचरत माशावर ओततात. अर्धे मिनिट उशीर झाला की लोणी काळे पडते आणि कडवट होते. तिखट नाही, मसाला नाही, कोकम नाही. म्हणून पहिला घास अळणी वाटेल, पण दुसऱ्या-तिसऱ्या घासाला माशाची स्वतःची गोडी जाणवू लागते. तेवढा अवसर जिभेला द्यावा आणि चाखण्यापूर्वी मिरपूड मागू नये. पर्समध्ये शेंगाचटणीची पुडी नेणाऱ्या काकू प्रत्येक घरात असतात. ती परतीच्या प्रवासासाठी ठेवावी, अशी त्यांना प्रेमाने विनंती करावी.

मांसाहारी मंडळींपुढे बदक किंवा कोकराचे मांस आतून गुलाबी राखून येते, आणि आपल्याकडे रटरट शिजवलेल्या मटणाची सवय असल्यामुळे ते कच्चे आहे असे वाटून घास अडतो. बशीत दिसणारा तांबडा रस रक्त नसून स्नायूंतल्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा रंग असतो. तरीही नको वाटत असेल तर पूर्ण शिजवून मागावे. परंतु बदकाची छाती जास्त शिजवली की वातड होते, म्हणून त्याऐवजी मुळातच सावकाश शिजणारा पदार्थ निवडणे शहाणपणाचे. बदकाची तंगडी तिच्याच चरबीत तासन्‌तास मंद शिजवून केलेले ‘काँफी’ किंवा वाईनमध्ये शिजवलेली कोंबडी, ‘कॉक ओ व्हँ’, यांचे मांस हाडापासून सहज सुटते आणि आपल्या अपेक्षेच्या जवळ जाते. हंसाच्या किंवा बदकाच्या सुजवलेल्या यकृताचा ‘फ्वा ग्रा’ मात्र मागू नये. पक्ष्याला सक्तीने खाऊ घालून तो बनवतात आणि भारताने २०१४ मध्ये त्याची आयात बंद केली आहे.

चीज फ्रान्समध्ये गोडाच्या आधी येते. भारतात हा टप्पा बऱ्याचदा गाळला जातो. मिळाले तर सौम्य चीजपासून सुरुवात करून निळ्या बुरशीच्या रॉकफोरकडे शेवटी जावे. वासाने दचकू नये. आवडले नाही तर बशीत ठेवावे, कोणी रागावत नाही.

सूफ्ले खायचा असेल तर तो सुरुवातीलाच सांगून ठेवावा लागतो, कारण तो मागणीनुसार त्याच वेळी भट्टीत जातो. घट्ट फेटलेल्या अंड्याच्या पांढऱ्यातली हवा उष्णतेने प्रसरण पावते आणि वाटीच्या काठावरून दोन बोटे वर उठलेला, थरथरता डोलारा टेबलावर येतो. वेटर चमच्याने त्याच्या डोक्याला भोक पाडून आत सॉस ओततो, तेव्हा बारीक फुसकारा ऐकू येतो. दोन-तीन मिनिटांत तो खाली बसू लागतो, म्हणून फोटो काढायचा असेल तर एकच काढावा आणि चमचा उचलावा. अमेरिकेतल्या भाच्याला व्हिडिओ कॉल लावायची ही वेळ नव्हे. तो कॉल बाहेर जाऊन, गोड येण्याआधी किंवा कॉफीनंतर करावा. कॉफी गोडानंतर, काळी आणि इवल्याशा कपात येते. दूध हवे असेल तर मागावे.

वाईन घेणाऱ्यांनी आणि न घेणाऱ्यांनी

‘आम्ही घेत नाही’ हे उत्तर पुरेसे आहे, त्यापुढे कारण देण्याची गरज नसते. द्राक्षांचा, सफरचंदाचा रस किंवा शेफने केलेले फळांचे पेय मागता येते. घेणाऱ्यांनी अख्ख्या बाटलीऐवजी पेल्याने मागवावी आणि किती खर्च करायचा आहे तो आकडा यादीतल्या किमतीवर बोट ठेवून शांतपणे दाखवावा, म्हणजे पाहुण्यांसमोर रक्कम बोलावी लागत नाही. बाटली घेतलीच तर वेटर आधी थोडी वाईन चाखायला देतो. ती आवडली का हे सांगायचे नसते, बुचामुळे कुबट वास आला आहे का एवढेच पाहायचे असते. गाडी चालवणाऱ्याने एक थेंबही घेऊ नये, त्याच्यासाठी चोर्ल्याची वळणे पुरेशी आहेत.

बिल

मेन्यूवरच्या किमती बहुधा कर सोडून असतात. स्वतंत्र रेस्टॉरंटात खाद्यपदार्थांवर ५ टक्के जीएसटी लागतो, तर खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असलेल्या हॉटेलातल्या रेस्टॉरंटात तो १८ टक्के असतो. म्हणजे १०,००० रुपयांच्या जेवणावर एका ठिकाणी ५०० आणि दुसऱ्या ठिकाणी १,८०० रुपये कर पडतो. बुकिंग करतानाच हा हिशेब मांडावा. मद्यावर जीएसटी नसून राज्याचा कर असतो. सेवा शुल्क बिलात परस्पर जोडून सक्तीने घेता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. ते काढायला सांगून सेवा आवडली असेल तर टीप आपल्या हाताने द्यावी, हे मला अधिक सभ्य वाटते. फ्रान्समध्ये सेवेचे मूल्य किमतीतच धरलेले असते, तिथे टीप ऐच्छिक आहे. यजमानाने पैसे द्यायचे ठरले असेल तर कार्ड आधीच काउंटरवर देऊन ठेवावे, नाहीतर जावई आणि मेहुणे यांची बिलावरून झटापट ठरलेली.

उठण्यापूर्वी, विशेषतः जैन किंवा अंडे न खाणाऱ्या पाहुण्यासाठी वेगळे पातेले चढवले असेल तर, शेफला बाहेर बोलावून किंवा वेटरकरवी निरोप पाठवून कोणता पदार्थ आवडला ते नाव घेऊन सांगावे. चारच्या सुमारास निघाले तर घाट उजेडात ओलांडता येतो. आठवण म्हणून गोव्यातून बाटली मात्र घेऊ नये. परवान्याशिवाय मद्य कर्नाटकात आणणे गुन्हा आहे आणि सीमेवर अबकारी तपासणी होते. पर्समधली शेंगाचटणी साखळी सोडल्यावर काढायला हरकत नाही.